आधी ओळख, मग संगणक

लॅपटॉप चोरीला गेला की माणसं एक वाक्य हमखास म्हणतात: "पासवर्ड होता त्याला, काळजी नाही." काही वर्षांपूर्वी एका लहान कार्यालयात हेच वाक्य मी ऐकलं. एसटीच्या प्रवासात लॅपटॉपची बॅग गेली होती. आत सभासदांची कर्जप्रकरणं, आधार कार्डांच्या प्रती, पगारपत्रकं, सह्यांचे नमुने असं सगळं होतं. तरी तिथल्या ज्येष्ठ बाई शांत होत्या, कारण पासवर्ड त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता. त्याच बनावटीचा दुसरा लॅपटॉप टेबलावर होता. त्यांची परवानगी घेऊन मी त्याचं मागचं झाकण उघडलं, डिस्क काढली आणि केबलने माझ्या संगणकाला जोडली. दहा मिनिटांत त्या कार्यालयाच्या फायली माझ्या पडद्यावर होत्या. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. बाई खुर्चीत बसून राहिल्या. "मग इतकी वर्षं आम्ही तो टाकत होतो कशाला?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना पूर्वीच कुणीतरी द्यायला हवं होतं. आपण सकाळी टाकतो तो पासवर्ड विंडोज विचारतं. विंडोज सुरूच केलं नाही तर विचारणारंच कुणी नसतं. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावा किंवा पेनड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालू करा, मूळ पासवर्डाचा संबंधच येत नाही. डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणाऱ्या गुप्त रूपात, असेल तरच तो चोराला वाचता येत नाही. आणि कूटबद्ध डिस्क वाचायची तर किल्ली ऑपरेटिंग सिस्टीमच्याही आधी मिळावी लागते, कारण खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमच त्या कुलपाच्या आत असते. ही किल्ली कुणाकडून घ्यायची, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न माझ्या मते सार्वजनिक प्रश्न आहे, कारण डिस्कवरची माहिती कार्यालयाची नसते. ती तुमची-आमची असते.

माझं म्हणणं असं. ज्या सरकारी, निमसरकारी वा सहकारी कार्यालयाच्या संगणकात लोकांची माहिती आहे, त्या संगणकाने बूट होण्याआधीच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्यापूर्वीच, माणसाचं स्मार्टकार्ड आणि पिन मागितला पाहिजे. आणि ते कार्ड असं असलं पाहिजे की ते यंत्रात तसंच ठेवून घरी जाणं त्या माणसाला शक्यच होऊ नये. दुसरी अट मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. तिच्याविना पहिली अट कागदावरच राहील.

आधी कार्डच का, ते पाहू. नुसता लांब पासवर्ड ठेवूनही डिस्क कूटबद्ध करता येते. पण चोराच्या हाती डिस्क आली की त्याला वेळेचं बंधन नसतं. तो डिस्कची नक्कल करतो आणि आपल्या ताकदवान यंत्रावर रात्रंदिवस पासवर्ड लावून पाहत बसतो. तेव्हा पासवर्ड खरोखर लांब आणि विस्कळीत हवा, आणि असा पासवर्ड माणसं मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवतात. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता त्याबद्दल कुणाला बोल लावावासा वाटत नाही. कार्डाचं गणित वेगळं असतं. कार्डातली चिप हा एक छोटा संगणकच आहे. त्यात एक खासगी किल्ली असते आणि ती कधीच बाहेर येत नाही. डिस्कची खरी किल्ली त्या कार्डाच्या सार्वजनिक किल्लीने, म्हणजे खासगी किल्लीच्या उघड जोडीदाराने, बंद करून डिस्कच्याच सुरुवातीला ठेवलेली असते. संगणक चालू करताना ते बंद पाकीट कार्डाला दिलं जातं, तुम्ही पिन टाकता, चिप आतल्या आत पाकीट उघडते आणि डिस्कची किल्ली संगणकाच्या हाती देते. पिन चुकला की चिप मोजते. बहुतेक कार्डं तीनदा चुकलं की स्वतःला बंद करून घेतात. म्हणून इथे सहा आकडी पिनही पुरतो. चोराला तो लाखो वेळा लावून पाहताच येत नाही.

एटीएम कार्डामुळे ही जोडी आपल्या घराघरांत पोचलेली आहे. भाजी विकणाऱ्या मावशींनाही कार्ड आणि पिन दोन्ही लागतात हे कळतं. चुंबकीय पट्टीची जुनी कार्डं बाद करून चिपची कार्डं द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आणि त्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली. एवढ्या मोठ्या देशात हा बदल पार पडला. पैशाच्या बाबतीत जे आपण केलं, ते माहितीच्या बाबतीत अजून केलेलं नाही.

"पण नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप कूटबद्ध असते की," असं माहितगार म्हणतील. खरं आहे. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या यंत्रांत ते आपसूक चालू होतं आणि मला त्याचा आनंदच आहे, कारण डिस्क काढून दुसरीकडे लावण्याचा जो प्रयोग मी केला तो तिथे फसतो. पण त्यात किल्ली ठेवलेली असते मदरबोर्डावरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये, आणि यंत्र चालू होताच ही चिप कुणालाही काही न विचारता किल्ली देऊन टाकते. यंत्र स्वतःलाच ओळखतं. चोराने अख्खा लॅपटॉप नेला तर किल्लीही त्याच्याच बॅगेत गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सुरक्षा-संशोधकाने एका जुन्या लेनोवो लॅपटॉपवर टीपीएम चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवर कान लावून किल्ली मिळवून दाखवली. साधन होतं रास्पबेरी पाय पिको, काही शे रुपयांचं. वेळ लागला ४३ सेकंद. नव्या प्रोसेसरांत टीपीएम आतच असतं, त्यामुळे हीच युक्ती तिथे चालत नाही. पण मूळ दोष तारांचा नाहीच. माणूस समोर आहे की नाही हे न पाहता किल्ली द्यायची, या पद्धतीत तो आहे.

टीपीएमला पिनची जोड देता येते. एकट्या माणसाच्या खासगी लॅपटॉपला ती पुरेशी आहे, आणि घरच्या यंत्राबद्दल कुणी विचारलं तर मीही तेच सांगतो. कार्यालयाची गोष्ट निराळी. तिथे एका संगणकावर तीन माणसं बसतात. टीपीएमचा पिन यंत्राचा असतो, माणसाचा नसतो. तो तिघांना माहीत, मग पाचव्याला, मग चहा आणणाऱ्या पोरालाही. कुणाची बदली झाली तरी पिन तोच राहतो, कारण बदलायचा तर सगळ्यांना सांगत बसावं लागतं. कार्डात प्रत्येकाची किल्ली वेगळी असते. लिनक्समध्ये डिस्क कूटबद्ध करण्याची जी एलयूकेएस२ पद्धत आहे, तिच्यात एकाच डिस्कला ३२ पर्यंत किल्ल्या लावता येतात. बदली झालेल्या माणसाची एक किल्ली काढून टाकली की काम झालं, बाकीच्यांना कळतही नाही. दर दोन-तीन वर्षांनी माणसं हलवणाऱ्या आपल्या प्रशासनाला याहून सोयीचं काय असणार?

आणि कार्डं आपल्याकडे नाहीत असंही नाही. डिजिटल सहीचा डोंगल घ्या. निविदा भरणारे ठेकेदार, कंपन्यांचे संचालक, कर सल्लागार, महसूल खात्याचे कर्मचारी या सगळ्यांकडे तो असतो. यूएसबीचा आकार असला तरी आत तीच चिप आहे, तीच आतल्या आत जन्मलेली आणि बाहेर न येणारी किल्ली. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला तेव्हापासून या सहीला कायद्याची मान्यता आहे. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा आज कुणीही घरबसल्या काढतो. त्या सातबाऱ्याखालच्या सहीमागे तलाठ्याच्या हातातला असाच एक डोंगल असतो.

या डोंगलचं आपण काय केलं, ते मात्र दुःखद आहे. कुठल्याही कर सल्लागाराच्या कार्यालयात एक खण असतो. त्यात अशिलांचे डोंगल रांगेने, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. पुष्कळदा त्याच चिठ्ठीवर पिन, आणि तोही कारखान्यातून आला तसा, १२३४५६७८. अशील स्वतःच म्हणतो, "साहेब, तुमच्याकडेच राहू द्या, दर महिन्याला कुठे आणत बसू?" सही करण्याचा कायदेशीर अधिकार असा दुसऱ्याच्या खणात पडून राहतो. सरकारी कार्यालयांत हाताखालच्या खासगी मदतनिसाकडे साहेबांचा डोंगल असणं हीदेखील कुणाला नवी गोष्ट नाही. मी या माणसांना दोष देत नाही. डोंगल जर वर्षातून बारा वेळाच लागत असेल आणि दुसऱ्या कुठल्याच कामाला येत नसेल, तर तो खणातच जाणार. जी वस्तू रोज खिशात असण्याचं कारण नाही, ती खिशात राहत नाही.

अमेरिकेच्या सैन्यातलं कार्ड मला इथे आठवतं. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या संरक्षण खात्याच्या माणसांना चिपचं एकच ओळखपत्र दिलं जातं. तळाच्या फाटकावर तेच दाखवायचं आणि संगणकातही तेच घालायचं. कार्ड काढलं की संगणकाला कुलूप. ऑगस्ट २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आदेशाने बाकीच्या केंद्रीय खात्यांनाही एकाच प्रमाणाचं ओळखपत्र लागू झालं आणि त्याचं तांत्रिक मानक २००५ साली आलं. कार्ड संगणकात विसरून बाहेर गेलात तर परत आत येण्याची पंचाईत. म्हणून माणूस जागेवरून उठताना कार्ड उचलतो. शिस्तीच्या व्याख्यानांनी जे जमलं नसतं ते फाटकाने जमवलं. आपल्याकडे सरकारी कर्मचाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं, पण ते प्लास्टिकचं नुसतं चित्र. हजेरी दुसऱ्या यंत्रावर, सही तिसऱ्या डोंगलवर, संगणकाचा पासवर्ड चौथा. हे सगळं एका कार्डात आणा आणि त्यालाच संगणकाची बूट होण्याआधीची किल्ली करा, मग ते खणात पडून राहणार नाही.

मात्र एक गोष्ट पक्की सांभाळायची. कार्ड एक असलं तरी आतल्या किल्ल्या वेगळ्या हव्यात. सहीची किल्ली जगात एकच असली पाहिजे, तिची प्रत कुणाकडेही असता कामा नये, नाहीतर सहीला अर्थ उरत नाही. डिस्कच्या कुलपाचं उलट आहे. तिथे माणूस आजारी पडला, निवृत्त झाला, कार्ड नदीत पडलं, तरी कार्यालयाला आपली माहिती परत मिळाली पाहिजे. दोन्हींना एकच किल्ली लावली तर कुठलं तरी एक बिघडणारच.

अमेरिकेचं नाव घेतलं तर तिथली चूकही सांगायला हवी. मे २००६ मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क चोरीला गेली. त्यात २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते, आणि ते कूटबद्ध केलेले नव्हते. पुढच्याच महिन्यात यंत्र सापडलं, माहिती कुणी उघडली नसल्याचं तपासात म्हटलं गेलं. तरी २००९ मध्ये खात्याला दाव्याच्या तडजोडीत २ कोटी डॉलर मोजावे लागले. कार्डाचा आदेश निघून जवळजवळ दोन वर्षं झाली होती. कार्ड एकीकडे आणि उघडी डिस्क दुसरीकडे असं झालं की काय होतं, ते इथे दिसतं.

मग ही व्यवस्था सगळीकडे का नाही? याचं कारण बरंच रुक्ष आहे. संगणक चालू होतो तेव्हा सुरुवातीला फक्त फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेलं प्राथमिक सॉफ्टवेअर, जागं असतं, आणि त्याला कार्ड वाचता येतंच असं नाही. कार्ड वाचणारं उपकरण कुठल्या कंपनीचं, कार्ड कुठल्या जातीचं, यावर सगळं अवलंबून. म्हणूनच विंडोजचं बिटलॉकर हे डिस्क कूटबद्ध करणारं साधन दुसऱ्या डिस्कला स्मार्टकार्डाचं कुलूप घालू देतं, पण ज्या डिस्कवर खुद्द विंडोज आहे तिला घालू देत नाही. फर्मवेअरमध्ये कार्डासाठी एकसारखं मानकच नाही, हे मायक्रोसॉफ्ट त्याचं कारण देते. काही खासगी कंपन्या विंडोजच्या आधी स्वतःची एक छोटी प्रणाली चालवून ही सोय देतात. लिनक्समध्ये २०२१ पासून यंत्र सुरू करणाऱ्या सिस्टमडी या प्रणालीच्याच एका साधनाने डिस्कला कार्डाची किल्ली लावता येते. म्हणजे अशक्य काहीच नाही, एकवाक्यता नाही.

आणि एकवाक्यता आणणं हे तर मोठ्या खरेदीदाराचंच काम. आपण ते केलेलं आहे. वाहन परवाना आणि नोंदणीच्या चिपकार्डांसाठी आयआयटी कानपूर आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मिळून स्कोस्टा हे मानक तयार केलं. हेतू हा की कार्ड कुठल्याही कंपनीने बनवलं तरी ते सगळीकडे वाचता यावं आणि सरकार एका विक्रेत्याच्या दावणीला बांधलं जाऊ नये. संगणकांच्या निविदेत पडद्याचा आकार आणि मेमरी किती हवी हे आपण लिहितो. बूट होण्याआधी अमुक मानकाचं कार्ड वाचता आलं पाहिजे, ही एक ओळ तिथे का लिहू नये? राज्यभरची खरेदी त्या ओळीवर अडली तर कंपन्या फर्मवेअर बदलतील. एकट्या तालुक्याच्या कार्यालयाने सांगितलं तर कुणीही ऐकणार नाही.

या कुलपाच्या मर्यादा लपवून त्याची शिफारस करणं मला पटणारं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने, बंद पाडले. या दोन्ही ठिकाणी यंत्रं चालू होती आणि चोर तारेवरून आले. बूट होण्याआधीचं कार्ड तिथे कणभरही उपयोगी पडलं नसतं. हे कुलूप बंद यंत्राचं आहे. यंत्र चालू असलं की किल्ली मेमरीत असते. मेमरीची पट्टी थंड करून, वीज तोडूनही ही किल्ली वाचता येते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. म्हणून लॅपटॉपचं नुसतं झाकण मिटून बॅगेत टाकणाऱ्याला याचा फायदा मिळत नाही. झाकण मिटताच यंत्र झोपण्याऐवजी हायबरनेट व्हावं, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर ठेवून पूर्ण बंद व्हावं, एवढा बदल सेटिंगमध्ये करावा लागतो. तो न करता लाखो रुपयांची कार्डं वाटली तर पैसे वाया गेले समजा.

दुसरी मर्यादा अशी. कार्ड मागणारी ती छोटी प्रणाली स्वतः कूटबद्ध नसते, असूच शकत नाही. हॉटेलच्या खोलीत पाच मिनिटं यंत्राशी एकटा राहिलेला माणूस ती बदलू शकतो आणि तुम्ही परत येऊन पिन टाकलात की किल्ली पळवू शकतो. त्यावर सिक्युअर बूटचा, म्हणजे मान्य सही असलेली प्रणालीच सुरू होऊ देणाऱ्या सोयीचा, उतारा आहे. तो चालू असलाच पाहिजे.

एस्टोनियाची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २००२ पासून तिथल्या नागरिकांकडे चिपचं ओळखपत्र आहे, आणि ते कार्ड जगभर आदर्श म्हणून दाखवलं जातं. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं की एका नामांकित कंपनीच्या चिपमध्ये किल्ल्या सदोष पद्धतीने तयार होतात, आणि सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधणं शक्य आहे. एस्टोनियाची साडेसात लाखांच्या आसपास कार्डं त्यात सापडली. नोव्हेंबरमध्ये सरकारने त्या कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं स्थगित केली आणि लोकांना घरबसल्या नव्या किल्ल्या घेता येतील अशी सोय केली. आपण व्यवस्था उभी करू तेव्हा कार्डातली आणि डिस्कवरची किल्ली बदलण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. एकदा वाटलं की संपलं, असं खातं चालवता येणार नाही.

"आधार आहे ना, बोटाचा ठसा घ्या की," ही सूचना प्रत्येक बैठकीत कुणीतरी करतं. आधारची पडताळणी दूरच्या सर्व्हरला विचारून होते. संगणक बूट होण्याआधी इंटरनेटचं जाळं सहसा नसतं. आणि ठशाचं उत्तर येतं 'हो' किंवा 'नाही'. त्यातून डिस्कची किल्ली उलगडत नाही. शिवाय कार्ड हरवलं तर दुसरं काढता येतं. बोट कुठून आणणार?

आता सगळ्यात खरा आक्षेप. हे कुलूप लावलं आणि एक दिवस आपणच बाहेर अडकलो तर? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. दुरुस्ती सोपी होती, एक फाइल काढायची. पण ज्यांच्या डिस्का बिटलॉकरने बंद होत्या त्यांना आधी ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे अडकल्यास कुलूप उघडणारी राखीव किल्ली, हवी होती, आणि ती यादी ज्या सर्व्हरवर, तोच बंद असल्याचं काही ठिकाणी आढळलं. तलाठ्याचा संगणक अडला तर शेतकऱ्याचा फेरफार अडतो, दवाखान्याचा अडला तर रुग्ण अडतो. या भीतीला मी हसत नाही. मीच एकदा एका कार्यालयाची डिस्क कूटबद्ध करून दिली, रिकव्हरी की एका कागदावर लिहिली, आणि तो कागद त्याच टेबलाच्या खणात राहिला, ज्या टेबलावर लॅपटॉप होता. ती चूक माझी होती.

याचं उत्तर आपल्या बँकांकडे फार पूर्वीपासून आहे. शाखेची तिजोरी एकट्याला उघडता येत नाही, दोघांच्या दोन किल्ल्या लागतात. आणि दुसरा जोड त्या शाखेत ठेवत नाहीत. तो लाखबंद पाकिटात दुसऱ्या शाखेकडे जातो, पोच घेतली जाते, ठरावीक काळाने किल्ल्या बदलून नवं पाकीट जातं. रिकव्हरी की अशीच ठेवायची. तालुक्याची जिल्ह्याला, जिल्ह्याची विभागाला, कागदावर, लाखबंद, नोंदवहीत दोन सह्यांनिशी. उघडलं तर का उघडलं ते लिहायचं आणि लगेच नवी की करून नवं पाकीट पाठवायचं. यासाठी नवीन सॉफ्टवेअर लागत नाही, आणि नोंदवही कशी ठेवायची हे आपल्या कारकुनांना कुणी शिकवायला नको.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच्या धाकाने मोठ्या कंपन्या सल्लागार नेमतील आणि आपापलं पाहून घेतील. माझी काळजी त्या एसटीतल्या बॅगेची आहे. त्या सभासदांना आपल्या आधारची प्रत कुणाच्या हाती आहे हे आजही ठाऊक नाही, कारण त्यांना कुणी कळवलंच नाही. त्या कार्यालयाने नंतर नवा लॅपटॉप घेतला. बाईंनी मला बोलावून पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. "याची डिस्क काढली तर वाचता येईल का?" आम्ही दोघांनी मिळून तो बसवला. दोन कार्डं, एक त्यांच्याकडे, एक सचिवांकडे. पाकीट जिल्ह्याच्या कार्यालयात दिलं. तिथल्या साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठल्या नोंदवहीत घ्यायचं?" तशी नोंदवही अजून कुठल्याच कार्यालयात नाही.